घरपोच घेतलेली सही

२०११ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात एवढं प्रमाण नव्हतं. २००१ मध्ये तर ते ११३६ होतं. व्यासपीठावरून हा आकडा मोठ्या कौतुकाने सांगतात, ‘मुलींचा मान राखणारा जिल्हा’ वगैरे. मैत्रिणींनो, त्यातली खरी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. घरातले पुरुष मुंबईला, ते गणपतीला आणि शिमग्याला येणार. गावात राहते ती बाई. भात लावते ती, म्हाताऱ्या सासूला दवाखान्यात नेते ती आणि एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी कळशी बुडत नाही म्हणून वाटीने पाणी भरते तीही तीच.

आता ग्रामसभा आठवून बघा. खुर्च्यांवर कोण असतं? गावात संख्येने जास्त आपण, पण सभेत मोजून सात-आठ. त्याही दाराजवळ, पदर सावरून, ‘घरी जायला उशीर होतोय’ अशा चेहऱ्याने. २०११ पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यामुळे अध्यक्षाच्या खुर्चीत बाई दिसते, पण समोर सगळे पुरुष. अशा सभेत ती सरपंच बोलणार तरी कोणाच्या बळावर?

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या स्त्री मतदारांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. तीच महिला ग्रामसभा. बचत गटांच्या निमित्ताने मी वाड्या-वाड्यांतून फिरते, तेव्हा विचारते, “महिला सभा झाली का गं?” उत्तर बहुतेक वेळा एकच, “झाली असंल. शिपाई वही घेऊन आलावता. वैनी, हितं सही करा, म्हनाला.” भाकरी तव्यावर, हाताला पीठ. बाई हात पुसते आणि सही करते. कागदोपत्री ती सभेला हजर राहिली आणि झालेल्या ठरावांना तिची संमतीही मिळाली! एका गावात मी ती वही पाहिली आहे. बासष्ट सह्या, आणि त्यांतल्या अर्ध्याअधिक एकाच पेनाने, एकाच ओळीत झरझर केलेल्या. दोष एकट्या शिपायाचा नाही. त्याला वही भरायला सांगितलेली असते.

ही साधी सही आहे असं समजू नका. पाण्याचंच बघा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर येतात. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं, घरोघरी नळ बसले. गाव ‘हर घर जल’ झालं हे प्रमाणित करायचं काम मंत्रालयाचं किंवा ठेकेदाराचं नाही, ते ग्रामसभेचं. योजना पूर्ण झाल्याचा दाखला सभेत वाचून दाखवायचा आणि प्रत्येक घरी पाणी येतं असा ठराव करायचा, अशी पद्धत आहे. गावच्या पाणी समितीतही निम्म्या बायका असायला हव्यात. आता ज्या घरी नळ सोडला की नुसती हवा फुसफुसते, त्या घरची बाई त्या सभेत नसेल, तर ‘पाणी येतं’ हे कोण खोडून काढणार? जो खोडू शकला असता तो परळला कामावर आहे. आणि तिची सही आधीच वहीत आहे.

सभेला गणपूर्ती लागते, म्हणजे पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांपैकी कमी असेल ती संख्या. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून काही ठिकाणी पहिली सभा तहकूब झाली की दु:ख कोणालाच होत नाही. दुसऱ्या वेळी पाच-पंचवीस माणसांत गावाचा वर्षाचा आराखडा मंजूर होतो.

मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीचं तर त्याहून निराळं. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो, आणि शेवटी इतिवृत्त लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावं लागतं. पण किती माणसं हजर असावीत याची अटच नाही. कोणी नाही आलं तरी सुनावणी ‘झाली’. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबनला झाली, तेव्हा अहवालाची मराठी प्रत वेळेत हाती आली नाही हीच लोकांची मोठी तक्रार होती. इंग्रजी प्रत समोर असली तरी वाचणार कोण?

त्यानंतरचं बारसू आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. एप्रिल २०२३ मध्ये, कातळ भाजून काढणाऱ्या उन्हात, रिफायनरीसाठीचं माती परीक्षण थांबवायला बायका पोलिसांच्या गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या. त्याआधी, २०२२ मध्ये, शेजारच्या धोपेश्वरच्या ग्रामसभेत मतदान होऊन बहुमत रिफायनरीच्या विरोधात गेलं होतं. प्रकल्प हवा की नको, यावर घराघरांत दोन मतं आहेत. ज्यांची मुलं नोकरीसाठी मुंबई-पुण्याला वणवण करतात, त्या आईला ‘कारखाना नको’ म्हणणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. मला बोचतं ते वेगळंच. ती बाई रस्त्यावर आडवी पडली तेव्हा तिचं मत काय हे पहिल्यांदा सगळ्या राज्याला कळलं. त्याआधी तिला कोणी विचारलं होतं? जमिनीच्या नोटिशी सातबाऱ्यावरच्या नावांना जातात, आणि आपल्याकडच्या सातबाऱ्यावर चुलत-मावस धरून वीस सहहिस्सेदार, त्यांतले निम्मे विरारला. वरकस जमिनीत काजू लावणारीचं नाव शोधून सापडत नाही.

ग्रामसभेच्या ठरावाने सगळं थांबतं, असंही कोणी समजू नये. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटच्या खाणीवर २०१३ साली बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी ‘नाही’ म्हटलं. खाण थांबली. पण तिथे वनहक्क कायदा होता आणि सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. आपल्या ठरावाला तेवढं बळ नाही. तरीही तो सरकारी दप्तरात राहतो, कोर्टात दाखवता येतो आणि वर्तमानपत्रात छापून येतो. न केलेला ठराव यांतलं काहीच करू शकत नाही.

दारूबंदीच्या मतदानात हा हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. २००८ च्या आदेशानुसार गावातलं दुकान बंद करायचं तर मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मत द्यावं लागतं. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. म्हणजे जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्या पारड्यात. मुंबईला असलेली धाकटी सून, जिचं नाव अजून गावच्या यादीत आहे, तीही त्याच पारड्यात. अशा गावात बायकांनी आधी दहा-दहा घरं वाटून घ्यावीत आणि मुंबईच्या सुनांना गाडीभाडं पाठवायची तयारी ठेवावी. इतकं नेटाने केलं तरच निकाल लागतो.

म्हणून सभेला जाणं आलंच. नोटीस सात दिवस आधी फळ्यावर लागते. शाळेत मुलाला सोडायला जाताना ती वाचून घ्या. आपला विषय आधी लेखी द्या, दोन प्रती करून, आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगितलेलं ग्रामसेवक (हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विसरतात, आणि कधी कधी विसरण्यात त्यांची सोयही असते. ठराव लिहून झाला की वाचून दाखवायला सांगा. आणि वही दारात आली तर, “सभा कधी आहे ते सांग, तिथे येऊन सही करते,” एवढं म्हणायला काही पदवी लागत नाही.

वेळेचं मात्र भांडून घ्यायला हवं. सकाळी दहाची सभा म्हणजे बायकांनी येऊच नये अशी वेळ. माझ्या माहितीतल्या एका गावात बायकांनी अर्ज देऊन महिला सभा दुपारी तीनला लावून घेतली. पहिल्या सभेला एक्केचाळीस जणी आल्या. अंगणवाडीच्या संडासाला कायम कुलूप का असतं आणि किल्ली कोणाकडे असते, यावरच दीड तास गेला. सरपंचबाईंनी सभेतच शिपायाला किल्ली आणायला पाठवलं. बाकीचे सात विषय पुढच्या सभेवर गेले.