संवादलेखकाची खुर्ची

या आठवड्यात एका दैनंदिन मालिकेत सुनेच्या हातून चहाचा कप निसटला, तो निसटतानाचे दृश्य तीनदा दाखवले गेले, घरातल्या प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा फिरला आणि भाग संपेपर्यंत कुणाच्याही तोंडी एक नवे वाक्य आले नाही.

असे भाग कामाच्या वाटणीतून जन्मतात. कथाविस्तार म्हणजे गोष्ट पुढे कशी जाणार याचा आराखडा, पटकथा म्हणजे त्या आराखड्याची दृश्यवार मांडणी, आणि संवाद; मराठी मालिकांत ही तीन कामे बहुधा वेगवेगळ्या हातांत असतात, टीआरपीचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येच्या मोजमापाचे, साप्ताहिक आकडे घसरले की आराखडा बदलतो आणि सर्वांत शेवटी बसणाऱ्या संवादलेखकाला पात्र कसे बोलेल याचा विचार करायला उसंत मिळत नाही.

याचे उलट उदाहरण जुने आहे: मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले आणि त्याच दशकात तेथे ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही साप्ताहिक मालिका गाजली. मूळ कथांचे लेखक चिं. वि. जोशी १९६३ मध्येच निवर्तले होते, तरीही चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे या नटांच्या हाती पात्रांची बोली आयती आली होती: चिमणराव भित्रा व पाल्हाळिक, तर गुंड्याभाऊ अंगाने दणकट व बोलण्यात रोखठोक, त्यामुळे दोघे एका खोलीत आले की प्रसंग आपसूक उभा राहत असे आणि कप फोडण्याची गरज पडत नसे. साप्ताहिक मालिकेला सवड असते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’ या दूरदर्शनवरील हिंदी मालिकेचे दीडशेहून अधिक भाग मनोहर श्याम जोशी यांच्या लेखणीने पेलले, हेही विसरता येत नाही.

चिं. वि. जोशी बडोद्यात पाली भाषा शिकवत असत; महाराष्ट्राबाहेर राहूनही घरगुती मराठीचा ठसका त्यांनी राखला. मात्र आज जबलपूरजवळच्या शहपुऱ्यासारख्या हिंदीभाषक गावात वाढणाऱ्या मराठी मुलाला उंबऱ्याबाहेर मराठी क्वचितच ऐकू येते, म्हणून पडद्यावरची पात्रे जे बोलतात त्यातूनही त्याची भाषा घडते. त्या मुलासाठी तरी संवादलेखकाला कथाविस्ताराच्या पहिल्याच बैठकीत खुर्ची मिळाली पाहिजे.