थांबलेले आकडे

औशात अजूनही जुन्या मारुती ८०० दिसतात. काहींचे किलोमीटरचे आकडे मात्र केव्हाचेच थांबलेले. अशा वेळी आम्ही आधी वेगाचा काटा पाहतो. तोही शून्यावरच असेल तर गिअरबॉक्सकडून येणारी केबल तपासावी, बहुधा तीच तुटलेली निघते. काटा हलतो आणि आकडे तेवढे हलत नाहीत, तेव्हा केबल ठीक असते. मीटरच्या आतले प्लास्टिकचे लहान चाक झिजलेले किंवा तडकलेले असते. बॅटरीची तार सोडून मीटर अलगद काढावे आणि भंगारातल्या तशाच मीटरमधले, तितक्याच दात्यांचे चाक बसवावे. फेविक्विक नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते.

आकडे मात्र मागे फिरवू नयेत. गाडी विकताना ‘एवढीच चालली’ म्हणणे ही मापातली खोटच. सूरह अल-मुतफ्फिफीन फक्त तराजूवाल्यांसाठी आहे, असे आम्हाला वाटत नाही. मीटर बंद असतानाचे अंतर पेट्रोलच्या पावत्यांवरून अंदाजे निघते: एकूण लिटर गुणिले अॅव्हरेज. ते वहीत लिहून गिऱ्हाइकाला दाखवावे. टायमिंग बेल्ट कधी बदलायचा, तेही त्यावरूनच कळते.

मग लातूरपर्यंत एक फेरी मारावी आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी आकडे ताडून पाहावेत.