‘इकडे बघ’ म्हणण्याआधी

ऑटिस्टिक मुलांसाठीच्या आपल्या आयईपीमध्ये, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, एक उद्दिष्ट इतक्या सवयीने येतं की ते लिहिताना हात थांबतही नाही : ‘पाच सेकंद आय कॉन्टॅक्ट ठेवेल.’ मूल मान फिरवतं, आपण पुन्हा ‘इकडे बघ’ म्हणतो, आणि तक्त्यात फुली पडते. त्या मुलाला समोर काय दिसत असेल, यासाठी मात्र आराखड्यात रकानाच नसतो. जपानमधल्या काही संशोधकांनी हा प्रश्न विचारला, आणि ज्या रीतीने विचारला ती आपण प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

ओसाका विद्यापीठातल्या युकिए नागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक सिम्युलेटर मांडला. डोळ्यांवर चढवायच्या या उपकरणात समोरचं दृश्य बदलून दिसतं. उजेड डोळ्यांत खुपेल इतका भडक होतो, कडा पुसट होतात, रंग विरतात, किंवा टीव्हीवर मुंग्या याव्यात तसे ठिपके सगळीकडे वळवळू लागतात. हे बदल संशोधकांनी मनाने ठरवलेले नव्हते. ऑटिस्टिक व्यक्तींना रोजच्या प्रसंगांच्या चित्रफिती दाखवून, असा प्रसंग तुम्हाला कसा दिसतो ते तुम्हीच जुळवा, असं सांगितलं गेलं. त्यांनी जुळवलेलं मग चित्रफितीतल्या उजेडाशी, हालचालीशी, आवाजाशी ताडून पाहिलं. ठिपक्यांचा संबंध आवाजाशीही निघाला. मला हे फार मोलाचं वाटतं. मधल्या सुट्टीची घंटा होते, बाकं सरकतात, आणि एखादं मूल फळ्यावरून नजर काढून घेतं. आपण ‘लक्ष नाही’ अशी नोंद करतो. त्या क्षणी त्याला फळाच धड दिसत नसेल, ही शक्यता आपण धरतो का?

या कामात सात्सुकी आयाया आणि शिनइचिरो कुमागाया यांचाही सहभाग होता. आयाया स्वतः ऑटिस्टिक आहेत. कुमागाया बालरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. दोघांनी मिळून २००८ साली लिहिलेल्या पुस्तकात आयाया आपल्याला भूक कशी कळते ते सांगतात : शरीरातल्या संवेदना सुट्या सुट्या येत राहतात आणि त्या जुळून ‘भूक लागली’ असं ध्यानात यायला वेळ लागतो. आपल्या त्रासाचा अभ्यास आपणच, सोबत्यांच्या साथीने करायचा, ही या पुस्तकामागची पद्धत होक्काइदोमधल्या उराकावा गावी, मानसिक आजार असलेल्या लोकांच्या ‘बेथेल हाउस’मध्ये २००१च्या सुमारास सुरू झाली. तिथला रुग्ण केवळ माहिती पुरवत नाही, तो संशोधक असतो.

उपकरण घालून पाच मिनिटं फिरल्याने कुणाचं आयुष्य कळत नाही, आणि सगळ्या ऑटिस्टिक व्यक्तींना सारखंच दिसतं असंही नाही. शिवाय वेगळं दिसणं म्हणजे कमीच दिसणं नव्हे. अमिता शाह आणि उटा फ्रिथ यांनी १९८३ साली दाखवलं होतं की मोठ्या चित्रात दडलेली आकृती शोधण्यात ऑटिस्टिक मुलं सरस ठरतात. खोट्या कणवेपोटी ही बाजू विसरली तर मुलाचं नुकसानच होईल.

आपल्याकडे सिम्युलेटर नाही, पण विचारणं आपल्या हातात आहे. बोलणाऱ्या मुलाला थेट विचारावं. न बोलणाऱ्याच्या बाबतीत एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. एप्रिलच्या उन्हातून वर्गात आल्यावर डोळे स्थिरावायला त्याला वेळ द्या. दिव्याखाली फिरणाऱ्या पंख्याची सावली त्याच्या वहीवर थरथरते का, ते त्याच्याच खुर्चीत, त्याच्याच उंचीवर बसून बघा. चकचकीत लॅमिनेट केलेले तक्ते एका भिंतीवरून आठवडाभर उतरवा, खिडकीकडे पाठ करून बसू द्या. काय बदललं ते तारीख घालून लिहा आणि पालकांना दाखवा; स्वयंपाकघरातल्या लखलखीत स्टीलच्या ताटांपासून मूल दूर का पळतं, हे एखादी आई तेव्हाच सांगेल.

आणि हे होईपर्यंत आय कॉन्टॅक्टचं उद्दिष्ट आराखड्यातून काढून ठेवा. मूल खिडकीकडे बघत तुमचं ऐकत असेल, तर ते ऐकतं आहे.