गळतीचे मूळ आधी, पाना नंतर

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने डिझेल ट्रकच्या गळतीवर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु बियाणे, प्रात्यक्षिकांचे साहित्य व शेतमाल वाहणारी जुनी वाहने आजही अनेक प्रक्षेत्रांवर आणि शेतकरी गटांकडे वापरात आहेत. त्यांच्या गळतीवर होणारे उपाय पाहताना मला शिवारातील चुकीच्या फवारणीची आठवण होते. निदानापूर्वीच उपचार, हा दोष दोन्हीकडे सारखाच आहे.

आमच्या वापरातील एका जुन्या ट्रकच्या फीड पंपाखाली डिझेल ठिबकत असे. गॅरेजमध्ये फीड पंप बदलला. गळती कायम राहिली. पुढे डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च करण्यापूर्वी आम्ही इंजिन धुऊन कोरडे केले, पाण्यात कालवलेल्या खडूच्या भुकटीचा पातळ हात सर्व सांध्यांवर दिला आणि तो वाळल्यावर इंजिन सुरू केले. ओल प्रथम उमटली ती बरीच वर, इंजेक्टरांकडून टाकीकडे परतणाऱ्या ओव्हरफ्लो पाइपजवळ. कडक होऊन चिरलेला रबरी पाइपचा एक तुकडा बदलताच गळती थांबली.

मावा वरच्या पानांच्या मागे रस शोषत असतो. त्याचा चिकट स्राव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. काळे पान पाहून केवळ बुरशीनाशक फवारणारा शेतकरी आणि थेंब पडतो तेथील पंप बदलणारा कारागीर, दोघेही परिणामालाच कारण समजतात. डिझेल इंजिनावरून ओघळते, पंख्याच्या झोताने मागे उडते आणि धुळीत मिसळून काळा थर धरते. म्हणून जेथे थेंब पडतो ते स्थान नव्हे, तर जेथे सर्वांत वर ओल दिसते ते स्थान तपासावे.

सर्वच गळती बाहेर दिसत नाही. ट्रकची टाकी बहुधा इंजिनाच्या खालच्या पातळीवर असते व फीड पंप डिझेल ओढून घेतो. या भागातील सांधा सैल झाला, तर थेंब न पडता उलट हवा आत शिरते. सकाळी गाडी लवकर सुरू न होणे, वारंवार हँड पंप मारून हवा काढावी लागणे, ही त्याची लक्षणे होत. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक पाइपचा तुकडा काही वेळ जोडल्यास बुडबुडे स्पष्ट दिसतात. दुसरी छुपी गळती इंजिन ऑइलमध्ये होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली व त्याला डिझेलचा वास आला, तर वाहन चालवू नये; पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

दुरुस्तीतही संयम हवा. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालावेत. सांधा गळतो म्हणून नट अधिकाधिक आवळल्यास त्याचे बसणेच बिघडते. टाकीच्या चिरेला साबण लावणे हा घरी पोहोचण्यापुरता उपाय आहे. रिकामी दिसणारी टाकी परस्पर वेल्डिंगला देऊ नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो.

एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. डिझेल पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्यांत अतिशय उच्च दाब असतो. तेथील सूक्ष्म फवारा बोटांनी चाचपू नये. तो त्वचा भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. या भागाची तपासणी दुरून, पुठ्ठा धरून करावी.

कीड व्यवस्थापनात आपण आर्थिक नुकसानीच्या पातळीचा विचार करतो. थोडी कीड सहन करावी, असे सांगतो. डिझेल गळतीला मात्र अशी पातळी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गळतीखाली तासभर बाटली धरून पाहावी. २० मिलिलिटर डिझेल जमले, तर दररोज १० तासांप्रमाणे २०० दिवसांत ४० लिटर वाया जाते. पण खरी हानी पैशांपुरती नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर उडालेले डिझेल पेट घेऊ शकते. हौद्यातील धान्याला वा भाजीला डिझेलचा वास लागला, तर हंगामाचे कष्ट बाजारात नाकारले जातात.

आपल्या प्रशिक्षणांत यंत्र चालवणे शिकवले जाते. यंत्राचे निरीक्षण क्वचितच. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व मेळाव्यात एक तास या तपासणीसाठी राखावा. पुठ्ठा, खडूची भुकटी, बाटली आणि पारदर्शक पाइप एवढेच साहित्य पुरेसे आहे. पिकाची पाने उलटून पाहिल्याशिवाय फवारणी करू नका, असे आपण शेतकऱ्यांना सांगतो. तीच शिस्त आपल्या वाहनांनाही लावली, तर अनेक अनावश्यक खर्च आणि काही अपघात निश्चित टळतील.