खराडीच्या गुंठ्यावर चौक हवा

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली, पण इथल्या बऱ्याच जमिनीची वाटणी पालिकेच्या नकाशावर झालीच नाही, ती गुंठ्यांवर झाली. एकीकडे ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचा चढल्या, दुसरीकडे थिटे वस्ती, चंदननगरकडच्या गल्ल्यांत एक गुंठा, अर्धा गुंठा अशा मापाने घरं उभी राहिली. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. गल्लीत तो चौरस क्वचितच मिळतो. रस्त्याकडची बाजू महाग, म्हणून तुकडा पाडणारा तोंड लहान ठेवतो आणि खोली वाढवतो. वीस फूट रुंद आणि चोपन्न फूट खोल, असा काहीसा पट्टा हाती येतो. त्यावर खाली पार्किंग, वर स्वतःचं घर आणि त्याच्यावर भाड्याच्या खोल्या असा बेत असतो. बेत वाजवी आहे. आयटीतली नोकरी करणाऱ्यांना जवळ खोली हवी असते, मालकाला गृहकर्जाच्या हप्त्याला हातभार हवा असतो. माझं म्हणणं एवढंच की असल्या पट्ट्यावर घर बांधताना दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडण्याचा हट्ट सोडावा, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत भिडवावी आणि वाचलेल्या जागेतून घराच्या मध्यभागी आभाळाला उघडा चौक काढावा.

हिशोब करून बघा. वीस फुटांतून दोन्हीकडे तीन-तीन फूट गेले की चौदा उरतात, बाहेरच्या भिंती वजा केल्या की आत जेमतेम तेरा. त्यात तीन-तीन फुटांच्या दोन फेऱ्यांचा जिना बसवायला साडेसहा फूट रुंदी जाते. जिन्याशेजारी उरलेल्या पट्टीत बोळ होईल, खोली होणार नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहण्याच्या खोलीला किमान २.४ मीटर, म्हणजे जवळपास आठ फूट रुंदी मागते. वीस फूट पूर्ण वापरले तर त्याच जिन्याशेजारी बारा फूट मोकळे राहतात. शिवाय बाजूच्या त्या दोन पट्ट्या मिळून सव्वातीनशे चौरस फूट होतात, म्हणजे सगळ्या जमिनीच्या तीस टक्के. त्या तीस टक्क्यांत पिकतं काय? शेजाऱ्याच्या बाथरूमचा पाइप, एसीचा गरम वारा, वरून पडलेला कचरा आणि समोरासमोर आलेल्या, म्हणून कायम पडदा ओढलेल्या खिडक्या. याउलट दहा फूट बाय बारा फुटांचा चौक मध्ये ठेवला, त्याच्या कडेने जिना नेला, तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही खोल्यांना दोन बाजूंनी उजेड मिळतो आणि जागा जाते एकशेवीस चौरस फूट.

हे काही नवं नाही. कसबा किंवा शनिवार पेठेतल्या साध्या वाड्यांनीही हेच केलं होतं: शेजाऱ्याला लागून भिंत, रस्त्याकडे तोंड आणि उजेडवारा पोटातल्या चौकातून. शहाण्या गवंड्यांना जे कळत होतं ते आपण बंगल्याच्या हौसेपायी विसरलो. चारही बाजूंनी मोकळं घर ही मोठ्या प्लॉटची चैन आहे, तिची नक्कल गुंठ्यावर केली की फक्त बोळ उरतात. तादाओ अंदो या जपानी वास्तुकाराने १९७६ साली ओसाकात सुमियोशीचं घर बांधलं, ते जेमतेम ३.३ मीटर रुंद आणि १४.१ मीटर लांब. भूखंड आपल्या अर्ध्या गुंठ्याहून थोडाच मोठा. त्याने लांबीचे तीन भाग केले आणि मधला भाग उघडा ठेवला. त्या घरात पावसात भिजल्याशिवाय एका खोलीतून दुसरीत जाता येत नाही, ही टीका रास्तच आहे. पुण्याच्या पावसाळ्यात कुणी ते सहन करू नये. म्हणून चौकाशेजारचा जिना आणि व्हरांडा छपराखाली हवेत. वाड्यांत तसेच असत.

पहिला आक्षेप घेणारे म्हणतील, खराडीत बाजूला जागा सोडतंय कोण? गल्लीत फिरलात तर भिंतीला भिंत लागलेलीच दिसेल, आणि वरच्या मजल्यांचे सज्जे रस्त्यावर आलेले. खरं आहे. नियमाने सोडायची जागा लोक गुपचूप खातात आणि तिच्या बदल्यात काहीच देत नाहीत. मधल्या खोलीला खिडकी नसते, तिचा उजेड दिवसाही बटणावर असतो, आणि हवेसाठी हातभर डक्ट. संहिता १८ मीटर उंचीपर्यंतच्या इमारतीत नुसत्या बाथरूमच्या डक्टलाही ४ चौरस मीटर जागा आणि दीड मीटर रुंदी मागते. माझी सूचना या चोरट्या बांधकामाला मान्यता देण्याची नाही, भिंत उघडपणे भिडवून चौकाची अट घालण्याची आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत रो-हाउससाठी बाजूची जागा न सोडण्याची मुभा आहेच. अडचण अशी की ती मंजूर रेखांकनातल्या घरांना मिळते आणि गुंठेवारीचं, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचं, रेखांकन सहसा मंजूर नसतं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. पण फाइल प्रत्येक मालकाची वेगळी येते. एकेका गुंठ्याऐवजी गल्लीच्या एका रांगेचा अर्ज घ्यावा, शुल्कात सवलत द्यावी, आणि बदल्यात चौक मागावा.

दुसरा आक्षेप भाड्याचा. चौकात गेलेल्या जागेत दर मजल्यावर एक छोटी खोली निघाली असती, आणि तिला भाडेकरूही मिळाला असता. हा तोटा मी नाकारत नाही. चोरट्या बांधकामाशी तुलना केली तर चौकवालं घर कमी कमावणारच. नियमातल्या घराशी तुलना केली तर मात्र तेच जास्त वापरायोग्य क्षेत्र देतं, आणि ज्याला उद्या भोगवटापत्र, कर्ज किंवा विक्री हवी आहे त्याने तुलना नियमातल्या घराशीच करायला हवी. एक मर्यादा आहे: दहा फुटी चौकात पार्किंगच्या वर तीन मजल्यांपर्यंत उजेड बरा उतरतो, चौथा चढवला की खालचे अंधारतात. म्हणजे चौक हवा असेल तर एका मजल्यावर पाणी सोडायची तयारी हवी. सप्टेंबर २०१२ मध्ये तळजाई पठारावर बेकायदा इमारत बांधता बांधता कोसळली आणि दहाहून अधिक माणसं गेली. जादा मजल्याचा मोह पुण्याला नवा नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप शेजाऱ्याचा आणि भूकंपाचा. २०१६ च्या भूकंपविषयक भारतीय मानकात पुणे भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत पडलेल्या अनेक इमारतींना तळाशी नुसते पार्किंगचे खांब होते, भिंती नव्हत्या. त्यामुळे ठेकेदाराच्या सवयीचा नऊ इंची कॉलम इथे चालणार नाही, कारण २०१६ च्याच आयएस १३९२० या मानकात कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर आहे. तीन इंचांनी खोली आकसते म्हणून मालक कुरकुरतो, पण रुंदी चौदाऐवजी वीस असली तर हे तीन इंच परवडतात. भिडलेल्या भिंतीचा अर्थ एकच भिंत दोघांनी वापरणं असा घेऊ नये. दोघांचे सांगाडे स्वतंत्र हवेत आणि हादऱ्यात एकमेकांवर आपटू नयेत एवढा सांधा आरसीसी कन्सल्टंटने मोजून मध्ये ठेवायला हवा. वरून तो झाकला नाही तर पहिल्याच पावसात दोन्ही घरांत ओल येईल आणि भांडण तिथून सुरू होईल.

खरी गाठ जमिनीखाली आहे. हद्दीवरच्या कॉलमचा पाया शेजाऱ्याच्या जागेत पसरता येत नाही, म्हणून तो एकांगी होतो आणि आतल्या कॉलमला स्ट्रॅप बीमने बांधून घ्यावा लागतो. शेजाऱ्याने पाच वर्षांनी त्याच्याहून खोल खणलं तर आधीचं घर हलतं. दोघांनी एकदम बांधलं तर हद्दीवर दोघांचा मिळून एकच पाया घालता येतो, वर सांगाडे वेगळे. एकदम बांधणं परवडत नसेल तर पायाची खोली, सांध्याची रुंदी आणि तो झाकण्याचा खर्च लिहून करार नोंदवावा, तोही पहिल्या घराच्या जोत्याआधी.