तारकर्लीच्या खोल्या

मालवणच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर तारकर्ली आणि तिच्यापुढे देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. माड, मासेमारी आणि मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर यांवर इथली घरं चालत. परक्या माणसाने मुक्कामाला यावं, असं काही इथे नव्हतं. यायचं म्हटलं तरी मुंबईहून रात्रभर एसटी, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोट. तीही पावसाळ्यात बंद.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. घोषणेचं काम खरं केलं ते रेल्वेने. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवणला स्टेशन नाही; पण कुडाळला उतरलं की तासाभरात किनारा गाठता येतो. गोव्याला निघालेल्यांतले काहीजण मग अलीकडेच उतरू लागले.

पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत सुरूच्या बनालगत कोकणी धाटणीच्या कुटी बांधल्या, पुढे खाडीत हाउसबोटी आणल्या. मोठी हॉटेलं मात्र आली नाहीत. शिरोडा-वेळागरचा पंचतारांकित प्रकल्प तर जमिनीच्या वादात वर्षानुवर्षं अडकून पडला. मोठ्या हॉटेलांची ती उणीव गावकऱ्यांनी भरून काढली. महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतून घरातल्याच एक-दोन खोल्या पाहुण्यांना देता येत. न्याहारीला घावणे, दुपारी बांगडा नाहीतर सुरमई आणि सोलकढी. वेगळा आचारी ठेवायची गरजच नव्हती. दोन खोल्यांच्या चार झाल्या, माडांच्या बागेत नवी बांधकामं उभी राहिली. किनारा नावारूपाला आला तो या घरांमुळे, आणि कमाईचा मोठा वाटा गावातच राहिला तोही त्यामुळेच.

दुसरं आकर्षण पाण्याखाली होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य ठरला, तेव्हा मासेमारी बंद होईल या धास्तीने मच्छीमारांनी विरोध केला होता. आता त्याच खडकांवर त्यांच्यातल्या अनेकांच्या होड्या पर्यटकांना घेऊन जातात. पोहता न येणाराही पाठीवर सिलिंडर आणि शेजारी प्रशिक्षक घेऊन काही मिनिटं खाली राहतो आणि वर येताच आधी आपला व्हिडिओ मागतो. तारकर्लीत महामंडळाने स्कूबाचं प्रशिक्षण केंद्रही काढलं.

जुना धंदा अजून पुरता सुटलेला नाही. रापण लागते तेव्हा होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि किनाऱ्यावरच्या माणसांच्या दोन रांगा दोन्ही टोकांचे दोर ओढत हळूहळू जवळ येतात. जाळं वाळूवर आलं की भोवती पर्यटकांचं कडं पडतं. पण दोर ओढायला माणसं लागतात, आणि तरुण पोरांना बनाना बोट, पॅरासेलिंगमध्ये रोजची रोख कमाई दिसते. ती हंगामापुरतीच, कारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात.

वाढीबरोबर जोखीमही आली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला आणि जलक्रीडांच्या सुरक्षेवर प्रश्न उभे राहिले. जमिनीची अडचण त्याहून जुनी. देवबागला समुद्र किनारा खातो. त्यासाठी धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागतात. भरतीरेषेलगतच्या बांधकामांवर १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राची बंधनं आहेत, त्यामुळे किनाऱ्यालगत खोली वाढवायची तर आधी कायद्याशी गाठ पडते. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी विमानतळ सुरू झाला, तरी विमानसेवेचा भरवसा नसल्याने बहुतेक पाहुणे आजही रेल्वेने किंवा घाट उतरून स्वतःच्या गाडीनेच येतात.