समतेची फाईल

समतेसाठी झटणाऱ्या सरकारी शिक्षकाला पुरस्कार हवा असेल, तर त्याने आधी अर्ज करायचा. स्वतःच. 2018 पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी शिक्षकाने आपलं नाव आपणच सुचवायचं असतं. राज्याचा गुणगौरव पुरस्कार सावित्रीमाई फुल्यांच्या नावाचा, पण वाट तीच: अर्ज भरा, पुरावे जोडा. आत्मस्तुतीला समर्थांनी दासबोधात मूर्खाचं लक्षण म्हटलं. आपल्या शिक्षण खात्याने ती पात्रतेची अट करून टाकली!

या फायली मी पाहिल्या आहेत. गुळगुळीत कव्हर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बसवलेली प्रमाणपत्रं, वृत्तपत्रांची कात्रणं, सरपंचांचं शिफारसपत्र, वृक्षारोपणाचा फोटो. एका रोपाला नऊ हात लागलेले, आणि ज्यांच्या नावाने हा सारा खटाटोप ती पोरं कडेला उन्हात उभी. मुखपृष्ठावर ‘सर्वसमावेशक नवोपक्रम’. असले शब्द वर्गात कोण बोलतं? ते फायलीतच जन्मतात आणि फायलीतच मरतात.

आता बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेत चला. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या गाड्या भरायला लागतात आणि पट गळायला लागतो. चौथीतली पोरगी आईबापांबरोबर निघालेली असते, कारण फडावर धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी हवं. बाई शाळा सुटल्यावर तिच्या घरी जातात. आजीची मनधरणी करतात, हंगामी वसतिगृहाचं सांगतात, बापाशी वाद घालतात. एकदा नाही, चार-चार वेळा. पोरगी गावात राहते, हजेरीपटावर तिच्या नावापुढे मार्चपर्यंत हजेरी लागत जाते. महाराष्ट्रात समता म्हणतात ती ही! पण गाडीत न चढलेल्या पोरीचा फोटो कसा काढणार? बाईंच्या फायलीत लावायला काही नसतं. मुळात फाईलच नसते, कारण रात्री ती सजवायला बसायचं की उद्याच्या चार इयत्तांची तयारी करायची?

हो, चार इयत्ता. दुसरे गुरुजी कधी मतदार यादीच्या कामावर, कधी केंद्राच्या मीटिंगला, कधी कसली तरी ऑनलाइन माहिती भरायला तालुक्याला.

आणि समतेचे हार घालणारं सरकार स्वतः काय करतं? फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने शिक्षण हक्क कायद्याखालचा नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेला गरिबांसाठीच्या 25 टक्के जागांतून सूट. त्याच जुलैत उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून पोरांची दारं उघडी राहिली. मग आला 5 सप्टेंबर 2024. शिक्षकदिन! राष्ट्रीय पुरस्कार देण्याचा दिवस: 50,000 रुपये, रौप्यपदक, प्रशस्तिपत्र. त्याच तारखेचा राज्याचा शासन निर्णय सांगत होता की वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी चालेल, महिना 15,000 रुपयांवर. ओरड झाल्यावर ती मर्यादा दहावर आणली. एवढ्या कमी पटाच्या शाळा कुठे असतात? पाड्यांवर, वाड्यांवर, डोंगरात, जिथे दुसरी शाळाच नाही. सर्वांत नडलेल्या पोरांना सर्वांत तात्पुरता शिक्षक देण्याची कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी समतेचं नाव तोंडाने घेऊ नये.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकाच्या गौरव समारंभाचा हट्ट नव्हता. शिक्षक प्रशिक्षित हवा, शेतकऱ्यांच्या समाजातून आलेला आणि लोकांत मिसळणारा हवा, आणि त्याला पगार चांगला हवा, अशी रोकडी मागणी होती. सावित्रीबाईंचं नाव पुरस्काराला देणाऱ्यांनी त्यांच्या घरातला हा कागद एकदा वाचावा.

मला शिक्षकांचा गौरव नको आहे असं नाही. जरूर करा. पण यंदा फायली मागवू नका. निवड समितीने जानेवारीत, न कळवता, ऊसतोडीच्या गावांत आणि पाड्यांवर जावं. हजेरीपट उघडावा, त्यातली पोरं समोर बसली आहेत का ते मोजावं, पालकांना विचारावं. ज्या बाई सापडतील त्यांना शाल द्या, पदक द्या. आणि त्याआधी त्यांच्या शाळेला दुसरा कायम शिक्षक द्या.